स्ट्रेट-एट पॉन्टियाक: मागच्या सिलेंडरचा व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा का जळतो?

तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्यातली असते. गाडी जुनी अमेरिकन पॉन्टियाक, इंजिन फ्लॅटहेड स्ट्रेट-एट (आठ सिलेंडर एका रांगेत, व्हॉल्व्ह हेडऐवजी ब्लॉकमध्ये), साल 1937 ते 1954 मधलं कुठलंही. सपाट रस्त्यावर गाडी झकास चालते. मे महिन्याचं ऊन आणि समोर घाट, की टेंपरेचरचा काटा थोडा वर सरकतो, पण घाबरावं इतका नाही. घाटमाथ्यावर पोचता पोचता इंजिन मिसिंग करायला लागतं. घरी येऊन कॉम्प्रेशन घ्यावं तर सातवा किंवा आठवा सिलेंडर मेलेला. हेड उघडलं की त्याच सिलेंडरच्या एग्झॉस्ट व्हॉल्व्हची कड खाल्लेली दिसते. मिस्त्री नवा व्हॉल्व्ह टाकतो, सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती कड) कापतो, लॅपिंग करतो म्हणजे दोन्ही एकमेकांवर घासून बसवतो, रेडिएटर रॉडिंगला, म्हणजे सळीने नळ्या साफ करायला, पाठवतो. पुढचा उन्हाळा येईपर्यंत सगळं ठीक. मग परत तेच, त्याच जागी.

व्हॉल्व्ह एकदा जळला तर कारणं पन्नास असू शकतात. त्याच सिलेंडरचा दुसऱ्यांदा जळला, तर नवा व्हॉल्व्ह मागवण्याआधी थांबा. अशा वेळी दोष बहुधा पाण्याच्या वाटपात असतो, आणि तो सापडतो पाण्याच्या पंपामागे दडलेल्या एका पत्र्याच्या नळीत. अनेक मालकांना ही नळी आहे हेच ठाऊक नसतं.

आधी इंजिन समजून घ्या

पॉन्टियाकने आपलं स्ट्रेट-एट 1933 साली आणलं: 223 घन इंच, 77 अश्वशक्ती. 1936 मध्ये ते 232 झालं, 1937 पासून 248.9 घन इंच, म्हणजे जवळपास 4.1 लिटर. बोअर (सिलेंडरचा व्यास) सव्वातीन इंच, स्ट्रोक (पिस्टनचा प्रवास) पावणेचार. 1950 साली बोअर अष्टमांश इंचाने वाढवून 268.4 घन इंच केलं आणि तेच 1954 पर्यंत चाललं. 1955 मध्ये व्ही-एट आलं आणि या घराण्याचा शेवट झाला. मधली सगळी वर्षं मूळ आराखडा तोच: ओतीव लोखंडाचा लांबलचक ब्लॉक, वर एकच अखंड हेड, क्रँकला पाच मेन बेअरिंग, आणि सोळाच्या सोळा व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये, सिलेंडरच्या शेजारी एका ओळीत उभे.

आपल्या दुखण्याचं मूळ या शेवटच्या गोष्टीत आहे. ओव्हरहेड व्हॉल्व्हच्या इंजिनात जळालेला वायू हेडमधूनच बाहेर पडतो. फ्लॅटहेडमध्ये तो आधी ब्लॉकमध्ये उतरतो आणि ब्लॉकच्या लोखंडातून वाट काढत मॅनिफोल्डला जातो. त्यामुळे एग्झॉस्टची बरीच उष्णता ब्लॉकमधल्या पाण्याला सोसावी लागते. त्यातून बहुतेक फ्लॅटहेड एटमध्ये शेजारशेजारच्या सिलेंडरचे एग्झॉस्ट व्हॉल्व्ह एकमेकांना लागून येतात, दोन निखारे जवळ ठेवावेत तसे. त्या दोघांमधल्या लोखंडाला पाणी मिळालंच पाहिजे.

आता लांबी बघा. चार सिलेंडरच्या इंजिनात पंपापासून शेवटच्या सिलेंडरचं अंतर फार नसतं. इथे आठ सिलेंडर आहेत. पंप ब्लॉकच्या तोंडाशी, आणि पाणी परत जाण्याची वाट, म्हणजे थर्मोस्टॅटचं घर, तेही हेडच्या पुढच्या टोकाला. पाण्याला मोकळं सोडलं तर ते जवळची वाट धरणार: पंपातून आत, पहिल्या-दुसऱ्या सिलेंडरला वळसा, वर हेडमध्ये, आणि बाहेर. सातव्या-आठव्यापर्यंत जाण्याची त्याला काय गरज?

डेट्रॉइटच्या अभियंत्यांना हे पुरतं माहीत होतं. म्हणून त्यांनी ब्लॉकच्या आत, व्हॉल्व्हच्या बाजूने, पुढून मागेपर्यंत पत्र्याची एक नळी सरकवली. तिला ठरावीक जागी भोकं. पंपाचं पाणी आधी नळीत जातं आणि भोकांतून थेट एग्झॉस्ट सीटच्या आसपास फवारलं जातं. पॉन्टियाकच्या जाहिरातींत याचा ‘गशर व्हॉल्व्ह कूलिंग’ म्हणून गाजावाजा असे, आणि तो अनाठायी नव्हता. क्रायस्लर आणि पॅकार्डच्या फ्लॅटहेड इंजिनांतही अशीच नळी आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं त्या मालकांनाही लागू पडेल.

अडचण एवढीच की नळी पत्र्याची, आणि आता वय सत्तर-ऐंशी वर्षं. ती गंजते. कधी मागचं टोक झडून जातं, कधी पुढची भोकं गंजून मोठी होतात आणि सगळं पाणी तिथेच सांडतं. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याची जी गत, तीच आठव्या सिलेंडरची: कालव्याच्या मुखाशी पाटभर पाणी, टेलला ओल सुद्धा नाही.

काट्यावर विसंबू नका

डॅशबोर्डवरचा काटा एकाच जागेचं तापमान सांगतो. त्याचा बल्ब तुमच्या गाडीत नेमका कुठे बसवलाय ते आधी बघा, कारण मधल्या दुरुस्त्यांत तो हलवलेला असू शकतो. पुढचं पाणी 80 अंशांवर असताना मागच्या सीटभोवती वाफेचा बुडबुडा अडकलेला असू शकतो. काट्याला त्याचा पत्ता लागत नाही.

त्याऐवजी इन्फ्रारेड थर्मामीटर घ्या. हार्डवेअरच्या दुकानात किंवा ऑनलाइन स्वस्तात मिळतो. प्रत्येक स्पार्क प्लगजवळ हेडवर आणि ब्लॉकच्या बाजूला प्रत्येक सिलेंडरसमोर मॅट काळ्या रंगाचा छोटा ठिपका द्या. चकचकीत धातूवर किंवा चांदीच्या रंगावर हे यंत्र चुकीचं, बहुधा कमी, तापमान दाखवतं. म्हणून सगळीकडे रंग एकच हवा. गाडी चढावर दमवून आणा, इंजिन चालू ठेवूनच बोनेट उघडा आणि एक ते आठ आकडे लिहून काढा. चार-पाच अंशांचा चढउतार असणारच. पुढून मागे आकडे चढत गेले आणि टोकांमध्ये वीस-पंचवीस अंशांचं अंतर पडलं, तर नळी किंवा गाळ, यांपैकी एक नक्की. बहुधा दोन्ही.

फक्त एकच सिलेंडर गरम आणि शेजारचे थंड असतील तर गोष्ट वेगळी. तिथे हेड गॅस्केट, घट्ट टॅपेट (व्हॉल्व्हला ढकलणारा भाग, त्यात फट कमी राहिलेली) किंवा बुजलेली पाण्याची वाट शोधा. मधले चौथा-पाचवा गरम असतील तर एग्झॉस्ट मॅनिफोल्डमधली हीट कंट्रोलची झडप बघा. थंड हवेत कार्ब्युरेटरखालचा भाग लवकर तापावा म्हणून ती बसवलेली असते. तिचा दांडा गंजून झडप बंद अवस्थेत अडकली की गरम वायू मधल्या भागातच घोटाळतो. इंजिन बंद केल्यावर कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल उकळून गाडी पुन्हा चालू होत नसेल, तर ही झडप मी पहिली तपासेन. आपल्या हवेत ती उघडी बांधून ठेवली तरी काही बिघडत नाही.

कॉम्प्रेशन आणि नऊची जोडी

आठही सिलेंडरचं कॉम्प्रेशन एकाच बैठकीत घ्या: इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडं. आकडा किती येतो यापेक्षा आठ आकडे एकमेकांना किती धरून आहेत हे महत्त्वाचं. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून परत घेतलं आणि आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजलेल्या. वाढलाच नाही तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. शेजारचे दोन एकत्र कमी असतील तर त्यांच्यामधली गॅस्केट गेलेली असण्याची शक्यता जास्त.

टॅपेट सेटिंगला या इंजिनाची एक सोय आहे. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलेंडर पेटण्याचा क्रम, 1-6-2-5-8-3-7-4. क्रँक मध्यापासून दोन्हीकडे आरशासारखा, त्यामुळे पहिला आणि आठवा पिस्टन एकत्र वर येतात, तसेच दुसरा-सातवा, तिसरा-सहावा, चौथा-पाचवा. प्रत्येक जोडीची बेरीज नऊ. आठव्याचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले, एक मिटतोय आणि दुसरा उघडतोय, की पहिला कॉम्प्रेशनच्या माथ्यावर असतो. त्याचे टॅपेट तेव्हा लावा. मग क्रँक 90 अंश फिरवा आणि ऑर्डरमधला पुढचा घ्या. मार्किंग शोधत बसायची गरज नाही.

गॅप तुमच्या सालाच्या शॉप मॅन्युअलप्रमाणेच, आणि मॅन्युअल गरम इंजिन म्हणत असेल तर इंजिन गरमच हवं. टॅपेटचा बारीक टकटक आवाज कानाला खुपतो म्हणून काही मिस्त्री गॅप कमी करून ‘सायलेंट’ करून देतात. गिऱ्हाईक खूश, व्हॉल्व्ह मेला. व्हॉल्व्ह आपली बरीचशी उष्णता सीटवर टेकलेला असताना सोडतो. टेकायलाच मिळालं नाही तर ती उष्णता जाणार कुठे? या इंजिनात थोडा आवाज हे तब्येत चांगली असल्याचं लक्षण माना.

नळी बाहेर काढणं

आधी ब्लॉकचा ड्रेन कॉक उघडा. पाणी धारेने आलं तर उत्तम. थेंब थेंब आलं किंवा आलंच नाही तर आतून गाळ बसलाय. तारेने डिवचून बघा. त्यानंतर ब्लॉकच्या बाजूचा सगळ्यात मागचा डॉलर प्लग (ब्लॉकमधलं ओतकामाचं भोक बुजवणारी गोल चकती) काढा. तिथून बोट घातल्यावर गंजाचा चिखल हाताला लागतो, आणि बरेचदा कारखान्यातली ओतकामाची वाळू आणि साच्याची तारही निघते. ती तिथे गाडीच्या जन्मापासून आहे.

आता रेडिएटर काढावाच लागेल. नळी ब्लॉकइतकी लांब आहे आणि ती सरळ पुढे ओढूनच निघते, त्यामुळे पुढे तेवढी जागा मोकळी हवी. काही बॉडींमध्ये ग्रिलच्या आतला आधारही सोडवावा लागतो. पंप उतरवला की नळीचं तोंड दिसतं. मोबाइलला जोडायचा स्वस्त एंडोस्कोप कॅमेरा असेल तर आधी तो आत घालून बघा: मागे नळी शिल्लक आहे का, भोकं गोल आहेत की फाटलेली. क्वचित तोंड रिकामंच सापडतं. मागच्या कुणीतरी नळी तुकड्यांत काढून, नवी मिळेना म्हणून, तसाच पंप बसवून दिलेला असतो.

काढायला घाई नको. गंज सोडवणारं तेल तोंडातून आणि डॉलर प्लगच्या भोकांतून सोडा आणि रात्रभर राहू द्या. सहा मिलिमीटरच्या सळीचं टोक वाकवून आकडा करा, तो नळीच्या आतून एखाद्या भोकात अडकवा आणि हलक्या ठोक्यांनी पुढे आणा. एकदम हिसडा दिला की पुढचा वीतभर तुकडा हातात येतो आणि बाकीची नळी आत राहते. तसं झालंच तर उरलेले तुकडे डॉलर प्लगच्या भोकांतून चिमट्याने काढा. वेळखाऊ काम आहे, पण तुकडा आत सोडून नवी नळी बसत नाही.

नळी बाहेर असतानाच ब्लॉक मागून पुढे धुवा, म्हणजे पाणी चालतं त्याच्या उलट दिशेने. सगळे डॉलर प्लग उघडे ठेवून, तारेने खरवडत, स्वच्छ पाणी येईपर्यंत. नवी नळी नसताना केलेला हा धुवा निम्मा आजार बरा करतो. धुवा न करता टाकलेली नवी नळी मात्र फारसा उपयोग देत नाही.

नवी नळी अमेरिकेतून मागवता येते. पितळेच्या किंवा स्टेनलेसच्या मिळतात. स्थानिक पत्रेवाल्याकडून करून घ्यायची तर जुनी नळी, कितीही फाटलेली असो, टाकून देऊ नका. भोकांची जागा, माप आणि तोंडाची दिशा तिच्यावरूनच घ्या. अंदाजाने सगळी भोकं सारखी पाडली तर पुढच्या भोकांतूनच पाणी संपतं आणि आपण होतो तिथे परत. जुनी नळी नसेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या इंजिनाच्या मालकाला गाठा. बसवताना भोकं व्हॉल्व्हच्या बाजूला आलीत ना, आणि नळीचं तोंड ब्लॉकच्या पृष्ठभागाशी समपातळीत आहे ना, हे बघूनच पंपाची गॅस्केट लावा.

थर्मोस्टॅट, झाकण, पाणी

‘आपल्याकडच्या उन्हात थर्मोस्टॅट कशाला?’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. माझं मत: बसवाच. तो काढला की पाण्याला पुढची जवळची वाट आणखी मोकळी होते. ज्या रचनेत थर्मोस्टॅट उघडताना बायपास बंद करतो, तिथे तर काही पाणी रेडिएटरला न भेटताच पंपात परत येतं. गाडी सपाटीवर थंड दिसते आणि चढावर जास्त तापते.

रेडिएटरवर आधुनिक गाडीचं जास्त दाबाचं झाकण लावू नका. जुन्या टाक्यांचे झाळण तो दाब सहन करत नाहीत. आणि बोअरवेलचं पाणी कृपा करून घालू नका. दख्खनच्या बोअरच्या पाण्यातला क्षार व्हॉल्व्ह सीटमागे थर धरतो. डिस्टिल्ड पाणी आणि गंज रोखणारं कुलंट, एवढं पुरे.

पेट्रोलचा वाटा

नळी बदलूनही मागचे स्पार्क प्लग पांढरे पडत असतील तर मिश्रण पातळ आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. इथे आजच्या पेट्रोलचा हात आहे. शुद्ध पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, 20 टक्के इथेनॉलच्या ई-20 ला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर ते सांभाळतो. कार्टर कार्ब्युरेटरच्या जेटला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाला) हे कळत नाही. तो जुन्या हिशोबानेच पेट्रोल देतो आणि मिश्रण पातळ होतं. लांब इनलेट मॅनिफोल्डमुळे टोकाच्या सिलेंडरना मुळातच वाटा कमीजास्त मिळतो, त्यात ही भर. मेन जेट एक-दोन पायऱ्या मोठे करून प्लगचा रंग तपकिरीवर येतो का बघा. फ्युएल पंपाचं डायफ्रॅम आणि होज इथेनॉल सहन करणारे हवेत, हे वेगळं सांगायला नको.

शिसंमिश्रित पेट्रोल आपल्याकडे 2000 साली पूर्ण बंद झालं. शिशाचा थर एग्झॉस्ट सीटला झीज होऊ देत नसे. आता जोरात आणि सतत चालवलेल्या गाडीत सीट हळूहळू खाली बसते, टॅपेटची गॅप आपोआप कमी होते. सीट बदलायची वेळ आलीच तर कठीण धातूचे इन्सर्ट टाका, पण धडधाकट सीट उगाच कापू नका.

लांबीचं दुखणं जुनंच

हे सगळं वाचून पॉन्टियाकवाल्यांवर राग काढू नका. लांब इंजिनात टोक आणि मध्य सारखे वागत नाहीत, हे प्रत्येक स्ट्रेट-एट बनवणाऱ्याला छळत आलं. फक्त पाणीच नाही, क्रँकसुद्धा. तो लांबीमुळे पिळवटतो. अल्फा रोमिओच्या 8सी मध्ये व्हित्तोरियो यानोने चार-चार सिलेंडरचे दोन ब्लॉक करून कॅमशाफ्टचे गिअर मध्यभागी ठेवले. मर्सिडीजने 1954 च्या डब्ल्यू-196 रेसिंग गाडीत इंजिनाची शक्तीच क्रँकच्या मधून बाहेर काढली. पॅकार्डने आपल्या मोठ्या एटला नऊ मेन बेअरिंग दिले. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्याकडे सुपरचार्जरवालं ड्यूसेनबर्ग एसजे होतं, दोन ओव्हरहेड कॅमशाफ्ट आणि सिलेंडरला चार-चार व्हॉल्व्हचं. पॉन्टियाकला मध्यमवर्गीय गिऱ्हाइकाच्या खिशात बसेल अशी गाडी विकायची होती. तिने पत्र्याची नळी टाकली, आणि ती कित्येक वर्षं चोख चालली.

जोडणी करताना

हेड लांब असल्यामुळे वाकण्याची शक्यता जास्त. तपासायची पट्टी हेडच्या पूर्ण लांबीची हवी. फूटभराच्या पट्टीने बाक कळत नाही. इंजिन गरम असताना हेड कधीही सोडू नका. बोल्ट मध्यापासून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच आवळा. पाण्याच्या वाटेत उतरणाऱ्या बोल्टना सीलंट लावा. पहिल्यांदा पूर्ण तापवून निवल्यावर परत आवळा, त्यानंतर थोडं चालवून आणखी एकदा. हेड हललं की टॅपेटही पुन्हा तपासा.

मग त्याच घाटात जा आणि काळ्या ठिपक्यांवरचे आठ आकडे पुन्हा घ्या. पुढून मागे फरक सात-आठ अंशांच्या आत आला असेल तर बोनेट लावून टाका. अजूनही मागे चढ दिसत असेल तर नळीचं तोंड आणि भोकांची दिशा पुन्हा बघायची. पंप परत उघडणं जिवावर येतं खरं, पण सोळा व्हॉल्व्ह पुन्हा उघडण्यापेक्षा ते काम कितीतरी स्वस्त पडतं.